जमिनीला न टेकणारें वाहन

विज्ञानकथांतील कांहीं वाहनांना चाकें नसतात. भूमीपासून हातभर उंच राहून तीं वाळवंट आणि खडक सहज ओलांडतात. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाचा तरुण नायक ल्यूक अशाच वाहनांतून हिंडतो. तें कशावर तरंगतें, हें कोणी विचारीत नाहीं. रस्त्याची अडचण नाहींशी झाली, कीं कथेचें काम भागतें.

शास्त्राला मात्र आधार दाखवावा लागतो. इंग्लंडांतील ख्रिस्तोफर कॉकरेल यांनीं १९५५ सालीं कॉफीच्या डब्यांत मांजराच्या खाद्याचा लहान डबा बसविला आणि मधल्या फटींतून वारा खालीं सोडला. खालच्या तराजूवर त्या वाऱ्याचा दाब, नुसत्या एका डब्यांतून सोडलेल्या वाऱ्यापेक्षां पुष्कळ अधिक भरला. याच तत्त्वावरील त्यांचें वाहन २५ जुलै १९५९ रोजीं कॅले बंदराहून समुद्र ओलांडून डोव्हरला पोहोंचलें.

या वाहनाखालीं पंख्यानें कोंडलेली हवेची गादी असते. १,००० किलो वजनाच्या वाहनाचा तळ दहा चौरस मीटर असला, तर त्याला उचलण्यास वातावरणाच्या दाबाच्या सुमारें शंभराव्या हिश्शाइतका जादा दाब पुरतो. म्हणूनच तें पाण्यावर व दलदलीवर चालतें. परंतु जमिनीचा स्पर्श सुटला, कीं तिची पकडहि सुटते. चाक चढावर जमीन धरून ठेवतें. हवेची गादी उताराकडे घसरते. उंचसखल खडकावर काठाखालून हवा निसटून जाते, ती वेगळीच.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा वाहते. सरदार सरोवराचें पाणी तेथें मणिबेलीसारख्या गांवांच्या शिवारांत शिरलें आहे. त्या पाण्यावर असें वाहन चालेलहि. पण तेथें साधी बोट कमी इंधनांत तेंच काम करते. खरी अडचण कांठावर उतरल्यानंतरची आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाडे सातपुड्याच्या उभ्या उतारांवर विखुरलेले आहेत, आणि उतार हेंच तर या वाहनाचें वर्म होय.

ज्या पाड्यांपर्यंत रस्ता गेलेला नाहीं, तेथील आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळींत घालून, खांद्यावरून मोटारीच्या वाटेपर्यंत आणावें लागतें. जमिनीला न टेकणारें हें वाहन कल्पनेंतलें नव्हे. त्याला पंखा नाहीं, इंधन नाहीं. त्याचा आधार म्हणजे दोन माणसांचे खांदे. पावसाळ्यांत नाल्याला पूर आला, कीं तेहि थांबतात, आणि रोग कांहीं थांबत नाहीं.

विज्ञानकथेनें रस्ता वगळला, तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. रस्ता नको वाटणें हा कल्पनेचा स्वभावच आहे. सातपुड्यांतील पाड्याला मात्र नाल्यावर एक मोरी, घाटांतून एक पक्की वाट आणि त्या वाटेनें वेळेवर येणारी चार चाकांची गाडी हवी आहे. त्यांत नवल कांहींच नाहीं. म्हणूनच तें साधणें अशक्यहि नाहीं.