दोरी ओढायची हिंमत

‘हल्ली माणसांना कामाची आस्थाच उरली नाही’ हे पालुपद ऑफिसातल्या प्रत्येक साहेबाच्या तोंडी असते. त्या साहेबांसाठी आज कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची हकिगत.

तिथला जनरल मोटर्सचा कारखाना कामचुकारांचा म्हणून बदनाम होता. शंभरातले वीसेक जण गैरहजर, जे येत त्यांतले काही दारू पिऊन. तक्रारअर्जांचे ढीग साचलेले. १९८२ मध्ये टाळे लागले. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही जुनीच. गैरहजेरी मात्र शंभरात दोनांवर आली आणि गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या.

मग आस्था आधी कुठे गेली होती? ती होती, पण तिला वाव नव्हता. जुन्या कारभारात गाड्या जोडण्याचा पट्टा थांबवणे म्हणजे गुन्हा. भाग चुकीचा बसलेला दिसला तरी गाडी पुढे ढकलायची. नव्या कारभारात कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. अडले की ती ओढायची. गटप्रमुख धावत येई तो मदतीला, जाब विचारायला नाही. तेवढ्यात सुटले नाही तर अख्खा पट्टा थांबे.

म्हणजे कामाला आस्था आणि ‘हे मला जमेल’ हा भरवसा, दोन्ही लागतात. आस्था आहे पण भरवसा नाही, असा माणूस चूक लपवतो.

हा भरवसा येतो कसा? घरात मुलगी भाकरी थापायला शिकते तेव्हा काय होते? कड फाटते, पीठ परातीला चिकटते. आईने उंडा हिसकावून घेतला तर घर वेळेवर जेवेल, पण मुलीचा हात बसणार नाही. आई शेजारी बसून ‘हात हलका ठेव’ एवढेच म्हणाली, तर पाचवी-सहावी भाकरी तव्यावर टम्म फुगते आणि मुलगी न सांगता पुढचा उंडा घेते. आधीच्या, पापुद्रा न सुटलेल्या भाकऱ्या घरच्यांनी मुकाट खायच्या. आपल्या ऑफिसांची तयारी नेमकी इथेच नसते.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडले: भरवशाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः तडीस नेलेले काम. नुसती शाबासकी त्यामानाने लंगडी. पुढे १९९८ मध्ये स्टायकोविच आणि लुथान्स यांनी ११४ अभ्यास एकत्र तपासले. भरवसा आणि कामगिरी यांचे नाते पक्के निघाले. काम गुंतागुंतीचे असेल तर मात्र ते सैल पडते.

आणि वरिष्ठांनी टाकलेल्या भरवशाचे काय? इस्राएली सैन्यातल्या एका प्रयोगात प्रशिक्षकांना सांगितले गेले की अमुक जवान विशेष होतकरू आहेत. खरे तर ती नावे वाटेल तशी निवडलेली होती. अभ्यासक्रमाअखेर तेच सरस ठरले.

वरिष्ठांचा असा भरवसा नसेल तर नुसती दोरी टांगून भागत नाही. जनरल मोटर्सने व्हॅन नाइसच्या कारखान्यातही ही पद्धत नेऊन पाहिली. तिथल्या वरिष्ठांचे लक्ष दिवसाकाठी किती गाड्या निघाल्या याकडेच, त्यामुळे पट्टा थांबलेला त्यांना खपेना. पद्धत रुजली नाही.  तेव्हा साहेब, नव्याने रुजू झालेल्या कारकुनाचे निदान एक टिपण तरी लाल शाई न ओतता त्याच्याच शब्दांत वर जाऊ द्या.