आधी गुरुजींच्या हाती तार द्या



मी बी.ए., बी.एड. शिक्षक. भौतिकशास्त्रावर मी का बोलावे, असा प्रश्न आपणांस पडला असेल. त्याचे उत्तर माझ्या एका चुकीत आहे.

काही वर्षांपूर्वी तांत्रिक विभागाचा विज्ञानाचा तास शिक्षकाअभावी माझ्याकडे आला. 'जास्त वॅटचा दिवा जास्त उजेड देतो,' असे मी फळ्यावर लिहिले. सुट्टीत गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, दोन दिवे एकापुढे एक जोडले तर कमी वॅटचाच जास्त पेटतो." मी त्याला "पुस्तक वाच" म्हणून खाली बसवले. वर्ग हसला. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही.

पुढे मी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गास गेलो. तेथे व्याख्याने थोडी, काम फार. दोघांमागे १२ व्होल्टची बॅटरी, तारा आणि मोटारीचे दोन दिवे, एक २१ वॅटचा व दुसरा ५ वॅटचा. आधी अंदाज वहीत लिहा, मग जोडणी करा, शेवटी कारण सांगा, अशी शिस्त होती. मी अर्थातच २१ वॅट लिहिले. एकसर जोडणी करताच ५ वॅटचा दिवा लख्ख पेटला; २१ वॅटचा जेमतेमही नाही! कारण सोपे आहे. दोन्ही दिव्यांतून प्रवाह एकच वाहतो. पूर्ण पेटलेल्या ५ वॅटच्या दिव्याचा रोध सुमारे २९ ओहम, तर २१ वॅटच्याचा सुमारे ७. जेथे रोध अधिक, तेथे ऊर्जा अधिक खर्च होते. माझा विद्यार्थी बरोबर होता.

मित्रहो, वीजतंत्री, जोडारी, कातारी होऊ पाहणाऱ्या मुलांच्या हातांना पुष्कळ भौतिकशास्त्र ठाऊक असते. पान्याला पाइप लावून घट्ट नट सोडवणारा मुलगा तरफेचा नियमच वापरतो. त्याला नियमाचे नाव आणि गणित देणे हे आमचे काम. परंतु ज्या शिक्षकाने स्वतः जोडणी करून आपला अंदाज चुकलेला पाहिला नाही, तो हे काम कसे करणार?

तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने १९६० च्या दशकात भोपाळ, कोलकाता, चंदीगड आणि चेन्नई येथे संस्था स्थापन केल्या. शाळेच्या शिक्षकांसाठी सुरुवात मात्र घराजवळही करता येईल. महिन्यातून एक शनिवार आम्हां शिक्षकांना कार्यशाळेत विद्यार्थी म्हणून बसू द्या, एवढीच संस्थेला विनंती. पालकांनीही मुलाला गुणांबरोबर 'आज हाताने काय केलेस?' हे विचारावे.

आणि विद्यार्थ्यांनो, गुरुजी चुकले असे वाटले तर नम्रपणे सांगा, "सर, जोडून पाहू या." मी आता कोणालाही खाली बसवत नाही.