खेळाडूला ठाऊक, पात्राला नाही

भूमिका घेऊन खेळायच्या खेळात एका खुर्चीवर दोघं बसलेली असतात. एक हाडामांसाचा खेळाडू. दुसरं त्यानं रचलेलं पात्र. पात्राला नाव असतं, धंदा असतो, मित्र आणि वैरी असतात, आणि ते फक्त खेळातल्या जगात जगतं. डोळे आणि कान मात्र दोघांत मिळून एकच जोडी. खेळाडू जे पाहतो, ऐकतो, वाचतो त्यातलं थोडं पात्राच्या समोर घडलेलं असतं, बरंचसं नसतं. पात्रापर्यंत कधी पोहोचलेलीच नाही अशी माहिती पात्राच्या हातून वापरली गेली, की खेळणारे त्याला मेटागेमिंग म्हणतात.

ऑनलाइन खेळांत याचं नेहमी दिसणारं उदाहरण ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या पाचव्या भागातलं आहे. हा खेळ २०१३ साली आला. पुढे फाइव्हएम नावाचं सॉफ्टवेअर वापरून लोकांनी त्यावर स्वतःचे सर्व्हर उभारले. तिथे लॉस सँटोस या काल्पनिक शहरात शेकडो माणसं पोलीस, डॉक्टर, वकील, गॅरेजवाले आणि दरोडेखोर होऊन नांदतात. मूळ खेळ काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं २०२३ साली फाइव्हएमच्या गटालाच आपल्यात घेतलं, यावरून या प्रकाराचा पसारा कळावा. भारतातही हिंदीतून चालणारे असे सर्व्हर आहेत. यातले कितीतरी खेळाडू आपला खेळ ट्विचवर किंवा यूट्यूबवर थेट दाखवत असतात, आणि घोळ तिथेच होतो. बँक लुटून एक पात्र बंदराजवळच्या गोदामात लपतं. त्याचा पाठलाग करणाऱ्या पोलीस पात्राचा खेळाडू दुसऱ्या पडद्यावर त्याच दरोडेखोराचं थेट प्रक्षेपण पाहतो. दहा मिनिटांत गस्तीची गाडी ‘सहज’ बंदराकडे वळते. गाडी बंदराकडे नेण्यात नियमभंग काहीच नाही. गस्त कुठेही घालता येते. नियम मोडला आहे तो गाडी वळण्याच्या कारणात.

म्हणून अशा तक्रारींचा निवाडा करणारे सर्व्हरचे व्यवस्थापक एकच प्रश्न विचारतात: हे पात्राला कुठून कळलं? साक्षीदार भेटला, गाडीचा क्रमांक टिपला होता, खबऱ्यानं फोन केला, यांपैकी काही दाखवता आलं तर प्रश्न मिटतो. पोलीस पात्राचा खेळाडू नुसता ‘अंदाज होता’ म्हणाला, तर त्याचे अंदाज आजवर किती वेळा इतके नेमके निघाले हे नोंदींतून पाहिलं जातं.

हा प्रश्न संगणकावरच्या अशा खेळांच्या आधीचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यात एक जण सूत्रधार असतो. जग, राक्षस, सापळे सगळं त्याच्या हाती. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात शिरतात. सगळी मंडळी एकाच टेबलाभोवती बसलेली, त्यामुळे एकाचं पात्र तळघरात अडकलं आणि दुसऱ्याचं गावच्या खानावळीत बसलं असलं, तरी तळघरातली किंकाळी दोन्ही खेळाडूंना ऐकू जाते. १९७९ साली सूत्रधारासाठीचं मार्गदर्शक पुस्तक आलं तेव्हा गायगॅक्सनं प्रस्तावनेतच बजावलं होतं, की इतर खेळाडूंनी हे पुस्तक बाळगूच नये. पुस्तक दुकानात उघड्यावर विकायचं आणि वाचू नका म्हणायचं, हा उपाय चालण्यासारखा नव्हता आणि चाललाही नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी या टेबलांवर बसून अभ्यास केला आणि १९८३ साली ‘शेअर्ड फँटसी’ हे पुस्तक लिहिलं. खेळणाऱ्यात दोन नव्हे, तीन थर असतात असं त्यांनी मांडलं: माणूस, खेळाडू आणि पात्र. घरी जायला उशीर होतोय हे माणसाला ठाऊक असतं, फाशावर किती पडायला हवं हे खेळाडूला, आणि समोरच्या सरदाराची तलवार कुठल्या हातात आहे हे पात्राला. बोलताना खेळणारे या थरांतून क्षणाक्षणाला ये-जा करतात, आणि बहुतेक वेळा कुणाचा गोंधळ होत नाही. भांडण होतं ते एका थरातला माल गुपचूप दुसऱ्या थरात उतरवला जातो तेव्हा.

संगणकावर हे खेळ आले ते आधी निव्वळ मजकुराच्या रूपात. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ साली ‘मड’ हा खेळ सुरू केला. अनेकांनी एकाच वेळी टंकून खेळायच्या जगांची परंपरा त्यातून वाढली. टेबलावर आवाज बदलून, हाताची खूण करून ‘हे मी बोलतोय, माझं पात्र नाही’ असं सांगता येतं. टंकलेल्या ओळीला आवाज नसतो. म्हणून पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात लिहायची रीत पडली आणि त्यासाठी वेगळ्या वाहिन्या आल्या. संस्कृत रंगभूमीनं ही सोय फार पूर्वी करून ठेवली होती. जनान्तिकात नट त्रिपताक हस्त आड धरून एकालाच काही सांगतो, आणि शेजारी उभी असलेली पात्रं ते ऐकत नाहीत असं सगळे धरून चालतात. नटाला तिथे एक मोठा आधार आहे. दुर्वासांचा शाप दुष्यंताची भूमिका करणाऱ्याला पाठ असतो, पण पुढचं वाक्य लिहून ठेवलेलं असल्यामुळे त्या माहितीनं काही बिघडत नाही. ऑनलाइन खेळणाऱ्याला संहिता नसते. पुढचं वाक्य त्यालाच ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना त्याला ठाऊक असलेलं सगळं त्याच्या डोक्यात हजर असतं.

चित्रमय खेळांनी नव्या फटी पाडल्या. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये भूमिका करून खेळणाऱ्यांसाठी वेगळे सर्व्हर राखलेले होते. पण त्या खेळात प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं, आणि नावाखाली त्याच्या संघाचं. दारूच्या गुत्त्यात अनोळखी योद्धा शिरला, की त्याचं नाव आणि त्याची टोळी खेळाडूनं वाचलेली असते. पात्रानं मात्र फक्त एक धुळीनं माखलेला माणूस पाहिलेला असतो. जाणता खेळाडू तिथे ‘पाहुणे कुठले?’ असं विचारतो आणि नाव तोंडी कळेपर्यंत थांबतो. नवखा थेट नावानं हाक मारतो. पात्राचं वर्णन इतरांना दाखवणारी जोड-सॉफ्टवेअरंही तिथे वापरली जातात. त्या वर्णनात काही जण हौसेनं लिहितात, की याने लहानपणी भावाचा खून केला आणि ते कुणालाही ठाऊक नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते त्याच क्षणी ठाऊक होतं! वर्णनात डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहावं, ही शिस्त त्यातूनच आली.

खेळाबाहेरच्या गप्पांनी याहून जास्त नुकसान केलं आहे. मित्रांची टोळी डिस्कॉर्डवर बोलत बोलत खेळत असते. एकाला गल्लीत गोळी लागली, तो खुर्चीतून ओरडला, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाची त्याची माणसं मदतीला धावली. त्या पात्रांकडे फोनही नव्हता आणि वॉकीटॉकीही नव्हती. म्हणून शिस्तीच्या सर्व्हरांवर बोलणं खेळातल्या अंतराशी बांधलेलं असतं. जवळचा माणूस मोठ्यानं ऐकू येतो, लांबचा ऐकूच येत नाही, आणि दूरवर निरोप धाडायचा तर खेळातला फोन किंवा बिनतारी संच लागतो. ते हिसकावून घेता येतात, आणि ओलीस ठेवलेल्या पात्राचा फोन काढून घेणं ही तिथे खेळी ठरते. खेळाबाहेरचं बोलणं चालू ठेवणारा खेळाडू समोरच्याची ही खेळीच फुकट घालवतो.

मेलेल्या पात्राचं काय करायचं, हा आणखी एक पेच. ‘स्पेस स्टेशन थर्टीन’ या खेळात अंतराळ स्थानकावर कुणीतरी छुपा घातपाती असतो. मेलेला खेळाडू भूत होऊन सगळीकडे फिरतो, घातपाती कोण हेही पाहतो. भुतं आपापसांत बोलू शकतात, जिवंतांशी नाही. पण त्या खेळात मेलेल्याला पुन्हा जिवंतही करता येतं. तेव्हा भूत असताना पाहिलेलं विसरलं असं मानायचं, असा नियम बऱ्याच सर्व्हरांवर आहे. लॉस सँटोसमधल्या बऱ्याच सर्व्हरांवर याच जातीचा ‘न्यू लाइफ रूल’ असतो. गोळी लागून दवाखान्यात जागं झालेल्या पात्राला मारणारा कोण होता, कुठे मारलं, कशावरून वाद झाला, यातलं काही आठवत नाही असं धरायचं. नियम कृत्रिम आहे, पण तो नसेल तर मेलेला माणूस दहा मिनिटांत बंदूक घेऊन परत येतो आणि मरणाला काही किंमतच उरत नाही.

त्याहून अवघड असतं ते एकाच खेळाडूची दोन पात्रं एका शहरात असताना. सकाळी तो टोळीचा हिशेबनीस, रात्री पोलीस शिपाई. टोळीचा माल कुठे दडवला आहे हे शिपायाच्या डोक्यात, निदान त्याच्या खेळाडूच्या डोक्यात, पक्कं बसलेलं आहे. काही सर्व्हर म्हणूनच परस्परविरोधी बाजूंची पात्रं एकाच खेळाडूला देत नाहीत. हे विश्वास नसल्याचं लक्षण नाही. माणसाच्या मनाचा अनुभव त्यामागे आहे.

कळलेली गोष्ट न कळल्यासारखी करता येत नाही, हे मानसशास्त्रानंही तपासलं आहे. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना १८१४च्या इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या संघर्षाची हकीकत वाचायला दिली होती. ज्यांना शेवट सांगितला, त्यांना तोच शेवट आधीपासून जास्त संभवनीय वाटला. शेवट ठाऊक नसता तर काय वाटलं असतं, असं मुद्दाम विचारूनही उत्तर फारसं बदललं नाही. खेळाडूकडून नेमकी हीच, ठाऊक नसल्यासारखं ठरवण्याची, अपेक्षा असते.

याचा नेहमीचा नमुना ट्रोलचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या ट्रोल राक्षसाच्या जखमा आपोआप भरतात, ते भरणं थांबतं आगीनं किंवा आम्लानं. दहा वर्षं खेळलेल्या माणसाला हे तोंडपाठ असतं. आता त्यानं नवं पात्र घेतलं, गावाबाहेर कधी न गेलेला शेतकऱ्याचा पोर, आणि त्याच्यापुढे पहिल्यांदा ट्रोल उभा राहिला. पोरानं लगेच मशाल उचलली तर खेळाडूचं ज्ञान वापरलं असा आरोप येतो. म्हणून खेळाडू तलवारच चालवत राहतो. किती वार? तीन, की पाच? तो आकडाही तो ‘आता पुरे झालं नाटक’ या हिशेबानंच ठरवतो. ज्याला खरंच काही ठाऊक नाही अशा पोरानं, हातात होती म्हणून, पहिल्याच झटक्याला मशाल फेकली असती. पात्राचं अज्ञान जपण्यासाठी मुद्दाम आगीपासून लांब राहणं हाही खेळाडूच्याच ज्ञानाचा वापर आहे, फक्त उलट्या दिशेनं. ‘ठाऊक नसल्यासारखं वागा’ एवढ्या उपदेशावर विसंबणारे नियम फसतात ते यामुळे.

फसत नाहीत ते उपाय निर्णयच खेळाडूच्या हातून काढून घेतात. पोराला आजीनं ट्रोलची गोष्ट सांगितली होती का, हे सूत्रधार फाशावर सोडतो. नाहीतर तो राक्षसच बदलतो: याला आग चालत नाही, थंडी लागते, मग पाठांतर निरुपयोगी. २०१२ साली निघालेल्या रोल-ट्वेंटीसारख्या संकेतस्थळांवर नकाशाचा न पाहिलेला भाग झाकलेला राहतो, आणि सूत्रधार एकाच खेळाडूच्या कानात कुजबुजल्यासारखा मजकूर धाडू शकतो. प्रक्षेपण करणारे काही जण चित्र काही मिनिटं उशिरा सोडतात. माहिती पोहोचूच न देणं हे पोहोचलेली माहिती विसरायला लावण्यापेक्षा केव्हाही सोपं.

याच्या अगदी उलट दिशेनं जाणारा एक पंथ उत्तर युरोपातल्या वेशभूषा करून खेळायच्या खेळांत वाढला. तिथे काही खेळांत सगळ्यांची गुपितं सगळ्या खेळाडूंना आधीच सांगून टाकतात. फितूर कोण हे साऱ्यांना माहीत. मग प्रत्येक जण आपल्या पात्राला अशा जागी नेतो, की फितुरीचा घाव तिथे जास्तीत जास्त खोल लागावा. ज्ञान खेळाडूचं, पण वापर पात्राच्या तोट्यासाठी. मेटागेमिंगची चीड मुळात येते ती त्यातून एकाला मिळणाऱ्या फायद्यामुळे, हे इथे उघड होतं. दरोडेखोराचं प्रक्षेपण पाहिलेला पोलीस त्याच्या वाटेतून मुद्दाम बाजूला झाला, तर सहसा कुणी तक्रार करत नाही.

सगळीच ऑनलाइन जगं ही भिंत मानत नाहीत. आइसलँडमधल्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळ खेळात हेरगिरी राजमान्य आहे. शत्रूच्या खाजगी गप्पांत खोट्या नावानं शिरणंही त्यात बसतं. २००९ साली ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या बलाढ्य आघाडीतल्या एका संचालकानं आतूनच ती आघाडी मोडून टाकली. पात्रानं फितुरी केली की खेळाडूनं, हा प्रश्न तिथे फारसा कुणी विचारला नाही, कारण त्या खेळात दोघांना वेगळं धरायचा करारच नाही.

कराराच्या खेळांतही एक भाग नियमांच्या आवाक्याबाहेर राहतो, तो म्हणजे कौशल्य. फाशांच्या खेळात पात्राची बुद्धी आणि ताकद आकड्यांत लिहिलेली असते, तरी वाक्चातुर्य खेळाडूचंच असतं. मुखदुर्बळ शिपायाच्या तोंडून वकिलाची वाक्यं बाहेर पडतात. लॉस सँटोसमध्ये आयुष्यात कधी बंदूक न धरलेलं बेकरीवाल्याचं पात्र पहिल्याच दिवशी अचूक नेम धरतं, कारण माउसवरची बोटं हजारो तास सरावलेली असतात. काही सर्व्हर नवख्या पात्राला बंदुकीचा परवाना उशिरा देतात. बोटांना मात्र परवाना लागत नाही.