सहा कर्णे आणि दोन कान



मध्यंतरी तासगाव तालुक्यातल्या एका घरी जाण्याचा योग आला. घरातल्या मुलाने मोठ्या हौसेने ‘होम थिएटर’ आणले होते. पुढे तीन कर्णे, पाठीमागे दोन, कोपऱ्यात खर्जाच्या आवाजाचा एक जाडजूड खोका, ज्याला सगळे वूफर म्हणतात, आणि या सर्वांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर. वडिलांना आवडते म्हणून मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांचे जुने गाणे लावले. वडील निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरातले. त्यांनी क्षणभर ऐकले, मान वळवून मागे पाहिले आणि म्हणाले, “अरे, खाँसाहेबांना माझ्या पाठीमागं कशाला उभं केलंस?” मग आपला लहानसा रेडिओ काखेत घेऊन ते ओसरीवर जाऊन बसले. मुलगा हिरमुसला. संचच बिघडका निघाला, परत करतो, असे म्हणू लागला.

संच मुळीच बिघडलेला नव्हता. एक कळ भलतीकडे गेली होती, एवढेच. आज बोलायचे आहे ते त्या कळेविषयी.

रिमोटवर ‘साउंड मोड’, ‘सराउंड’ किंवा ‘लिसनिंग मोड’ अशी एक कळ असते. ती दाबत गेलो की नावे पुढे सरकतात : स्टीरिओ, डायरेक्ट, डॉल्बी सराउंड, डीटीएस, हॉल, स्टेडियम, ऑल चॅनेल स्टीरिओ. माणूस गोंधळतो आणि ज्यात आवाज सगळ्यांत मोठा, ते चांगले असे धरून चालतो. चूक होते ती इथेच.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले. त्या प्रेक्षकांत आपण बसलो आहोत असे समजा. पात्रे बोलतात ती समोरून. वाद्यांचा नाद थोडा डावीउजवीकडे पसरतो. लोकांची दाद मात्र आजूबाजूने आणि पाठीमागून येते. होम थिएटरची सारी मांडणी हीच आहे. मधला कर्णा बोलण्यासाठी, डावाउजवा संगीतासाठी, मागचे दोन भोवतालच्या आवाजासाठी, म्हणजे पाऊस, गर्दी, रानातली किरकिर यांसाठी. वूफर ढगांच्या गडगडाटासाठी. पाच कर्णे आणि एक वूफर, म्हणून त्याला ‘५.१’ म्हणतात.

आता प्रश्न असा की, मूळ मुद्रणात किती वाटा आहेत? खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या काळच्या तबकडीत आवाजाची एकच वाट. मध्यम लहरींवर आपले सांगली केंद्र १९६३ पासून ऐकू येत आले, तिथेही एकच. यात्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्यांना आठवेल, पडद्यामागे एकच कर्णा असायचा. पुढे दोन वाटांचे, म्हणजे स्टीरिओ मुद्रण रुळले. नव्या चित्रपटांत सहा वाटा असतात, काहींत त्याहून जास्त. २०१२ पासून आलेल्या ‘ॲटमॉस’ पद्धतीत तर डोक्यावरूनही आवाज येतो. विहिरीत असेल तेच पोहऱ्यात येणार. म्हणून कळ दाबण्याआधी विहिरीत काय आहे ते पाहावे.

या हिशेबाने सगळ्या मोडांचे चार गट पडतात.

पहिला गट, आहे तसे ऐकवणारा. ‘डायरेक्ट’ आणि ‘स्टीरिओ’ हे यातले. दोन वाटांचे गाणे पुढच्या दोनच कर्ण्यांतून येते. जुनी गाणी, नाट्यपदे, कीर्तन, मिरजेच्या सतारीचे वादन यांसाठी हेच उत्तम. पुष्कळ संचांत ‘डायरेक्ट’मध्ये वूफर गप्प बसतो, घाबरू नये.

दुसरा गट, उलगडून दाखवणारा. ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ हे शब्द संचाच्या पाटीवर दिसले, की चित्रपटातल्या सहा वाटा जिथल्या तिथे जात आहेत असे समजावे. पण दूरदर्शन संचातून रिसीव्हरकडे दोनच वाटा येत असतील, तर मागच्या कर्ण्यांना खरे काम मिळत नाही. तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर ठेवला आहे की ‘बिटस्ट्रीम’वर, ते एकदा तपासावे. बहुतेक ठिकाणी ‘बिटस्ट्रीम’ केले की काम होते.

तिसरा गट, दोनाचे पाच करणारा. ‘डॉल्बी सराउंड’, ‘प्रोलॉजिक’, ‘न्यूरल एक्स’ ही त्यातली नावे. यांची युक्ती मोठी चतुर आहे. डाव्या आणि उजव्या वाटेत जे अगदी सारखे आहे, ते बोलणे असणार असे धरून मधल्या कर्ण्याकडे पाठवायचे. दोन्हींत जे वेगळे आहे, त्यातले मागे पाठवायचे. दोन वाटांच्या चित्रपटाला हे छान लागू पडते.

चौथा गट, नसलेले घालणारा. ‘हॉल’ आणि ‘स्टेडियम’ हे मोड आवाजात कृत्रिम प्रतिध्वनी मिसळतात. शिक्षकमित्रांनो, सतरा मीटरवरच्या भिंतीवरून ध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो, हे आपण वर्गात शिकवतो. रिसीव्हर तेच गणित करून, दहा फुटांच्या खोलीत मैदानाचा भास उभा करतो. क्रिकेटच्या सामन्याला गंमत वाटेल. पण खाँसाहेबांच्या सुरावर नसलेल्या दिवाणखान्याचा लेप कशाला? आणि ‘ऑल चॅनेल’मध्ये तर सगळे कर्णे एकच गोष्ट बोलतात. लग्नघरी ते चालेल. शाळेच्या लांबट खोलीत मात्र जवळच्या कर्ण्याचा शब्द आधी आणि दूरच्याचा नंतर पोचतो. दहा मीटरच्या फरकाला सेकंदाचे सुमारे तीन शतांश लागतात. शब्दाच्या कडा पुसट होतात, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाला धड काहीच कळत नाही.

आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हटले की मिरवणुकीतली, छाती हादरवणारी कर्ण्यांची भिंत डोळ्यांसमोर येते. पण रे डॉल्बी हे नाव ज्या माणसाचे, ते १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. पुढे १९६५ साली लंडनमध्ये त्यांनी कंपनी काढली, आणि तिचे पहिले काम होते ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याचे. ज्याने गोंगाट कमी केला त्याचेच नाव आपण गोंगाटाला दिले!

तेव्हा काही साधे नियम सांगतो. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला पुढचे कर्णे असावेत. मागचे दोन अगदी पाठीशी नकोत. बाजूला आणि किंचित मागे हवेत. संवाद ऐकू येत नसतील तर सगळा आवाज वाढवू नये, फक्त मधल्या कर्ण्याची पातळी दोनतीन डेसिबलने वाढवावी. रात्री शेजारी निजलेले असतील तर ‘नाइट मोड’ लावावा. तो दणके खाली आणतो आणि कुजबुज वर उचलतो. आणि शेवटी डोळे मिटून विचारावे : बोलणारा समोर आहे का? शब्द न् शब्द कळतो आहे का? उत्तर ‘हो’ आले, की मोड बरोबर.

त्या दिवशी आम्ही ‘ऑल चॅनेल’ काढून ‘स्टीरिओ’ लावले, वूफर बंद केला आणि आवाज निम्म्यावर आणला. थोड्या वेळाने ओसरीवरचा रेडिओ थांबला. म्हातारबुवा उंबऱ्यात येऊन उभे राहिले, मग आत येऊन बसले. काही बोलले नाहीत. तानपुऱ्याची जोड ऐकत राहिले. मुलगाही त्यांच्या शेजारी बसला.

घरात सहा कर्णे आले म्हणून घरातले एक माणूस ओसरीवर जाऊन बसावे, हा सौदा काही चांगला नाही. कर्णे कितीही असोत, आपले कान दोनच, आणि त्यांना ओढ असते ती नीट ऐकू येणाऱ्या शब्दाची. तो शब्द आपल्या घरातल्या सर्वांत थकलेल्या कानापर्यंत पोचतो आहे ना, एवढे आज रात्री पाहा.