गळ्याची गाठ : काढावी केव्हा, काढावी किती?



‘तिला थायरॉइड झाला आहे’ हे वाक्य आज घरोघर ऐकू येते. वास्तविक थायरॉइड हे रोगाचे नाव नव्हे. प्रत्येकाच्या गळ्यात, कंठमण्याच्या थोडी खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ती एक ग्रंथी आहे. आकार फुलपाखरासारखा आणि वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. अन्नातून आलेले आयोडीन वापरून ती जे संप्रेरक तयार करते, त्यावर शरीराची ऊब, हृदयाची गती, मुलांची वाढ आणि बुद्धीचा विकास अवलंबून असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच या संप्रेरकाद्वारे तिच्यावर देखरेख ठेवते. थायरॉइडचे काम मंदावले की रक्तातील टीएसएच वाढते. काम अतिरेकी झाले की ते घटते. रक्ततपासणीच्या कागदावरील त्या आकड्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो.

ही ग्रंथी सुजून गळा फुगतो, त्यास गलगंड म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. म्हणजे विकार प्राचीनच. परंतु ही ग्रंथी शरीरात नेमके काय करते, हे कळण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि ते ज्ञान रुग्णांना फार महाग पडले.

स्वित्झर्लंडमधील बर्न या गावी थिओडोर कोखर हे १८७२ साली शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या पर्वतमय प्रदेशात गलगंडाचे रुग्ण गावोगाव होते. त्या काळी गळ्यावर शस्त्र चालविणे म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि अनेकदा मृत्यू. कोखर यांचा हात अत्यंत सावध. एकेक रक्तवाहिनी बांधीत, जंतुनाशक पद्धती कटाक्षाने पाळीत त्यांनी मृत्यूचे प्रमाण इतके खाली आणले की, शतक संपताना ते शेकडा एकाहूनही कमी झाले होते. संपूर्ण ग्रंथी स्वच्छ काढून टाकणे हे त्या वेळी कौशल्याचे शिखर मानले जाई.

१८७४ साली त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी पूर्णपणे काढली. जखम उत्तम भरली. मात्र कालांतराने तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळविले की मुलगी पूर्वीची राहिलेली नाही. तिची धाकटी बहीण पूर्वी तिच्यासारखीच दिसे, इतकी की लोकांची गफलत होई. ती बहीण वाढून सुदृढ तरुणी झाली. ही मात्र ठेंगणी, सुजलेल्या चेहऱ्याची आणि मंद झाली होती. कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून घेतले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ज्या १८ जणांची फेरतपासणी झाली, त्यांपैकी १६ जणांची हीच अवस्था होती. १८८३ साली बर्लिन येथे शल्यचिकित्सकांच्या सभेत त्यांनी ही हकिगत स्वतः मांडली आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी यापुढे काढणार नाही, असे जाहीर केले. ज्या शस्त्रक्रियेने कीर्ती दिली, तिचाच दोष चारचौघांत सांगण्यास मोठे धैर्य लागते. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या कबुलीतून दोन वाटा फुटल्या. पहिली उपचाराची. इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून ग्रंथी मंदावलेल्या रुग्णेस बरे केले; आजची लिव्होथायरॉक्सिनची गोळी ही त्याच वाटेवरची. दुसरी वाट प्रतिबंधाची. आपल्या देशात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन प्रयोग केला. काही वर्षांतच तेथील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. चिमूटभर मिठाने जे साधते, त्यासाठी शस्त्राची गरजच पडू नये, हा त्याचा धडा.

मग शस्त्रक्रिया हवी केव्हा? प्रथम ती केव्हा नको, हे सांगितले पाहिजे. केवळ ग्रंथी मंदावली असेल, तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच नाही. गोळी पुरेशी आहे. ‘गोळीची सवय लागते’ हा समज निराधार आहे. शरीराला जे कमी पडते, तेच गोळी पुरविते. ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा आणि लोहाची वा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी.

शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे चार. कर्करोग असणे किंवा त्याचा सबळ संशय असणे. गाठ इतकी वाढणे की श्वास वा गिळणे अडावे. ग्रंथीचा अतिरेक औषधांनी वा किरणोत्सर्गी आयोडीनने आटोक्यात न येणे अथवा ते उपचार त्या रुग्णास योग्य नसणे. आणि मोठ्या गलगंडाने येणारी विद्रूपता. अतिरेकाच्या रुग्णात संप्रेरकाची पातळी आधी औषधांनी उतरवावी लागते, अन्यथा शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते.

गाठ लागली म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. दहापैकी नऊहून अधिक गाठी निरुपद्रवी निघतात. रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि आवश्यक तेथे बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी, एवढ्यातून बहुतेक निर्णय होतो. मात्र गाठ कठीण असेल, झपाट्याने वाढत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा मानेत इतर गाठीही लागत असतील, तर लेप, शेक आणि गंडेदोरे यांत महिने घालविणे घातक ठरते.

दुसरा प्रश्न : काढावी किती? कोखर यांना छळणारा हा प्रश्न आजही जिवंत आहे. अर्धी ग्रंथी काढली तर उरलेली अर्धी पुष्कळांना पुरते, जन्मभराची गोळी कित्येकदा टळते. संपूर्ण काढली तर गोळी अटळ. थायरॉइडच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार बहुधा संथ असतो. २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी एक ते चार सेंटिमीटरच्या, कमी धोक्याच्या अशा गाठीस अर्धी ग्रंथी काढणेही पुरेसे मानले. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या निवडक कर्करोगांवर शस्त्र न चालविता नियमित नजर ठेवली जाते. उलट दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि २०११ पर्यंत या कर्करोगाची नोंद १९९३ च्या पंधरापट झाली. मृत्यू मात्र जेवढ्यास तेवढेच राहिले. असंख्य निरोगी माणसे विनाकारण शस्त्राखाली गेली.

या शस्त्रक्रियेची जोखीम दोन नाजूक शेजाऱ्यांमुळे असते. ग्रंथीच्या मागून जाणारी मज्जातंतूची बारीक दोरी दुखावली तर आवाज बसतो. तेथेच तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. त्यांना धक्का पोहोचला तर रक्तातील कॅल्शियम उतरते. ओठांना, बोटांना मुंग्या येतात, हातपाय वळतात. बहुतेकदा हे तात्पुरते असते, पण तशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. शस्त्रक्रिया का हवी? थांबलो तर काय होईल? अर्धी काढणार की पूर्ण, आणि का? वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया आपण करता? चांगला शल्यचिकित्सक या प्रश्नांनी रागावत नाही. ज्या विद्येच्या धुरिणाने आपल्या रुग्णांना परत बोलावून आपलीच चूक शोधली, त्या विद्येकडे उत्तर मागण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.