गोळीने माणूस जागीच पडतो का?

न्यायवैद्यकातील माझ्या सहकाऱ्यांनो, मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती बरीच वर्षे मनात साचून आहे.

काल आपल्यात पुन्हा तोच वाद रंगला: माणसाला लोळवायला पॉइंट ३२ची गोळी पुरते, की ९ एमएमच हवी? परवानाधारकाने हे विचारलं तर समजू शकतो. ९ एमएम नागरिकाला मिळत नाही. तो बहुधा कानपूरचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर घेतो आणि ते कमी पडेल म्हणून धास्तावतो. पण रोज शवविच्छेदन करणाऱ्यांनी हे विचारावं?

साधा हिशेब करा. ९ एमएमची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. ती ७० किलोच्या माणसात रुतली, तर धक्क्याने त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर. निदान तेवढा धक्का झाडणाऱ्याच्या हातालाही बसतो; तो कुठे पडतो? पिस्तुलाची गोळी भोक पाडते. भोक कुठे पडलं आणि किती खोल गेलं, एवढाच प्रश्न उरतो.

अमेरिकेत १९०४ साली लष्करी अधिकारी थॉम्पसन आणि ला गार्ड यांनी शिकागोत गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून पॉइंट ४५च्या बाजूने कौल दिला. त्याने हा मोठ्या गोळीचा ध्यास बळावला. ११ एप्रिल १९८६ला मायामीतल्या चकमकीत एफबीआयची एक ९ एमएम गोळी दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती, तरी तो लढत राहिला. त्या चकमकीत दोन एजंट गेले. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनमध्ये किमान १२ इंच खोलीचा निकष लावला, १० एमएम आणि पॉइंट ४०चा फेरा घेतला आणि शेवटी ती ९ एमएमवरच परतली.

मी जिल्हा रुग्णालयात असताना एका सराफाचा मृतदेह आला. पॉइंट ३२ची गोळी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून गेलेली. साक्षीदार सांगत होते, गोळी लागल्यावरही तो चोरांमागे गल्लीच्या टोकापर्यंत धावला. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं, असा माणूस जागीच कोसळतो. साक्षीदार खोटे ठरले, आरोपी सुटले. अहो, हृदय पूर्ण बंद पडलं तरी मेंदूला १०-१५ सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो! तेवढ्यात माणूस गल्ली ओलांडतो. उलट, पोटरीला गोळी नुसती चाटून गेलेला धडधाकट शिपाई बेशुद्ध पडलेला मी पाहिला आहे. ते भीतीचं काम, गोळीचं नव्हे. ज्यांनी खरं सांगितलं त्या साक्षीदारांना आपल्यापैकीच एकाच्या वाक्याने खोटं पाडलं, हे मला अजून सहन होत नाही.

शवविच्छेदन अहवालाचा सुधारित नमुना करायचा आहे. आपली कार्यकारिणी तो यथावकाश ठरवेल. तोवर एवढंच करा. गोळी कुठून शिरली, कोणत्या दिशेने गेली, किती सेंटिमीटर खोल गेली, काय फाटलं, ते लिहा. मेंदू किंवा मानेतला मज्जारज्जू तुटलेला नसेल, तर ‘जागीच कोसळला असावा’ हे वाक्य कोणत्याही कॅलिबरच्या भरवशावर लिहू नका. वकिलाने कितीही दडपण आणलं, तरी लिहू नका.