घोड्यांच्या गोष्टी आणि आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांच्या वाचनावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय मी जरा दूरदेशीचा निवडला आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात घोडे व गुरे पाळण्यासाठी मोठमोठी कुरणे राखलेली असतात. त्यांना ‘रँच’ म्हणतात. घर, तबेला, गडीमाणसे आणि दृष्टी पोचेल तिथवर गवत, असा तो संसार. त्यावर तिकडे पुष्कळ कादंबऱ्या झाल्या. त्यांतील दोन मी आज आपल्यापुढे ठेवते. कारण आपणा सर्वजणींना पडणारा एक प्रश्न त्यांत आहे. मुलाला दुःखापासून किती दूर ठेवावे?

पहिली कादंबरी मेरी ओ’हारा या बाईंची, ‘माय फ्रेंड फ्लिका’. ती १९४१ साली निघाली. बाई स्वतः वायोमिंग प्रांतात रँचवर राहिलेल्या. त्यामुळे तिथला वारा, पाऊस आणि पैशाची ओढाताण त्यांना ठाऊक होती. केन हा दहा वर्षांचा मुलगा. स्वभाव स्वप्नाळू. परीक्षेत खिडकीबाहेर पाहत बसला आणि कागद कोरा ठेवून आला! वडील पूर्वी लष्करात अधिकारी, शिस्तीचे कडक. पोराला स्वतःचे शिंगरू हवे, आणि वडील म्हणतात, आधी लायकी दाखव. आई मात्र ओळखते की, जबाबदारी अंगावर पडल्याशिवाय हा जागा होणार नाही. शेवटी वडील मान्य करतात. केन नेमकी बिथरलेल्या वंशातली शिंगरी निवडतो. रँचवरचा स्वीडिश गडी तिला ‘फ्लिका’ म्हणतो. त्याच्या भाषेत फ्लिका म्हणजे मुलगी. ती काटेरी तारेत सापडते, जखमा चिघळतात. तिचे हाल संपवावेत म्हणून वडील गोळी घालण्याचा हुकूम देतात. त्या रात्री केन ओढ्याच्या थंड पाण्यात बसून तिचे डोके मांडीवर धरून राहतो. पुढे तो स्वतः आजारी पडतो. पण फ्लिका वाचते.

दुसरे पुस्तक जॉन स्टाइनबेक यांचे, ‘द रेड पोनी’. ते १९३७ साली पुस्तकरूपाने आले. पुढे १९६२ साली लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले. कॅलिफोर्नियातील रँचवरचा जोडी हाही दहा वर्षांचा. वडील त्याला तांबडे तट्टू आणून देतात. जोडी त्याला खरारा करतो, खोगिराची सवय लावतो. एके दिवशी शाळेत जाताना तो विचारतो, पाऊस तर येणार नाही ना? घोड्यांतला जाणकार गडी बिली बक सांगतो, नाही येणार. आणि आलाच, तर मी त्याला आत बांधीन. पाऊस येतो. तट्टू भिजते, घसा सुजून श्वास कोंडतो, आणि बिलीने शर्थ करूनही ते मरते. गिधाडे जमतात. जोडी त्यांतल्या एकाला हाताने मारून टाकतो. वडील म्हणतात, तट्टू काही गिधाडाने मारले नाही. बोलणे अगदी खरे. पण बिली त्यांच्यावर चिडतो. पोराला काय वाटत असेल, हे तुम्हाला दिसत कसे नाही, असा त्याचा सवाल.

भगिनींनो, मला या दोन पुस्तकांचे मोल इथेच वाटते. एकीत जनावर वाचते, दुसरीत मरते. दोन्हीकडे मूल मात्र कामाला लागते: पाणी पाजणे, जखम धुणे, रात्र जागणे. आणि दोन्हीकडे मोठ्या माणसांची परीक्षा होते. केनची आई हट्टामागचे मूल पाहते. बिलीचा शब्द खोटा ठरतो, तरी तो जोडीजवळून हलत नाही.

काहीजणी म्हणतील, रडवणारी गोष्ट मुलांच्या हाती द्यावी कशाला? त्यांची शंका रास्त आहे. ‘रेड पोनी’ लहानग्यांसाठी लिहिलेलीच नाही. ती तेराचौदाव्या वर्षी द्यावी, आणि आपण आधी वाचून मग द्यावी. ‘फ्लिका’ दहाव्या वर्षी चालेल. पण दुःख पुस्तकात झाकले, तरी ते घरात यायचे थांबत नाही. पिंजऱ्यातला पोपट मरतो, मांजराचे पिल्लू गाडीखाली सापडते. तेव्हा पुष्कळ घरांत दुसऱ्या दिवशी नवे पिल्लू आणले जाते आणि पहिल्याचे नावही काढत नाहीत. मूल गप्प होते, आणि आपल्याला वाटते की ते विसरले. मला वाटते, त्याला रडू द्यावे, अंगणात खड्डा काढायला बरोबर न्यावे, आणि विचारील त्याचे खरे उत्तर द्यावे. नवे पिल्लू महिन्याने आणले तरी काही बिघडत नाही.

आपल्या दारी घोडा बांधायला जागा नाही, हे खरे. पण एखादे मुके जनावर, निदान तुळशीचे एक रोप, मुलाच्या स्वाधीन करता येईल. आणि ‘पाणी घातलेस का?’ एवढे विचारून ते काम त्याचे त्यालाच करू द्यावे.